झाकणाखालची चकती

“आधी झाकण उघडून बघा, मग मला हाक मारा.”

मिस्त्रीचं हे वाक्य आमच्या रस्त्याला पाठ होतं. कोणी घामाघूम होऊन गाडी ढकलत आणली की तो हातातला पाना खाली न ठेवता हेच म्हणायचा. निम्म्या वेळा टाकी कोरडी ठणठणीत निघायची. गाडीवाला ओशाळायचा. मिस्त्री हसायचा नाही, नुसतं पंपाच्या दिशेने बोट करायचा. पंप तिथून शंभर पावलांवर. रस्त्याच्या त्या बाजूला त्याचं गॅरेज, या बाजूला माझं शिलाईचं दुकान. तीस वर्षं त्याने माझ्या मशीनची खडखड ऐकली आणि मी त्याच्या हातोडीची. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघांनी एकमेकांशीच संसार केलात.

तो जुन्या गाड्यांचा माणूस. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. त्या वेळी रस्त्यावर कोणी मोठ्याने बोललं तर मीच आतून “श्श” करायचो. मग तो डोळे उघडून सांगायचा, “बेअरिंग कुरकुरतंय. महिनाभर चालेल.” आणि गाडी महिनाभर चालायची. त्याच्या कानावर लोकांचा इतका भरवसा होता, की त्याने दोष नाही म्हटलं की विषय संपायचा.

अशा माणसाला मी तीन दिवस भीतीने पिवळं पडलेलं पाहिलं.

एका सकाळी गॅरेजसमोर छोटा टेम्पो थांबला. मागे ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. पुढून एकवीस-बावीस वर्षांची मुलगी उतरली. गावातल्या गणिताच्या मास्तरांची भाची. तिने आणि टेम्पोवाल्याने फळी लावून ते धूड खाली घेतलं. तिने ताडपत्री ओढली, धुळीचा लोट उठला आणि खाली दिसली मास्तरांची जुनी मोटारसायकल. काळी, जड, टाकीवरची सोनेरी रेघ अर्धी उडालेली. मास्तर तिला ‘म्हातारी’ म्हणायचे.

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. तीस वर्षांत त्याच्या हातून पाना पडलेला मी पहिल्यांदा ऐकला.

“काका, हिला चालू करून द्या,” ती म्हणाली. “मला नदीपलीकडच्या गावांतली विजेची मीटरं वाचायचं काम मिळालंय. सोमवारपासून जायचंय.”

“मामांना विचारलंस?”

“विचारलं. म्हणाले, मिस्त्रींनी चालू केली तर घे. आणि आत निघून गेले.”

“नवी घे ना त्यापेक्षा. हलकी. बायकांसाठी मिळते ती.”

“मला हीच हवीय. नऊ वर्षं अंगणात तिच्याकडे बघून आम्ही दोघं जेवतोय, काका. ही एकदा रस्त्यावर धावलेली मला बघायचीय.”

 ती गेल्यावर मिस्त्री गाडीपासून चार हात लांब स्टुलावर बसून राहिला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मास्तर तेव्हा शाळेत गणित शिकवायचे. एका दुपारी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे या मुलीच्या आईच्या, पोटात अचानक भयंकर कळा सुरू झाल्या. जवळ दुसरं वाहन नव्हतं. मास्तरांनी तिला मागे बसवलं, चादरीने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि नदीपलीकडच्या दवाखान्याकडे निघाले. पुलाच्या बरोबर मध्यावर म्हातारी बंद पडली. मास्तरांनी किक मारली, मारली, पन्नास वेळा मारली. पायाच्या नडगीची साल निघाली. मागे बहीण कण्हत होती. अर्ध्या तासाने दुधाची गाडी आली, तिच्यातून ते गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. बाई संध्याकाळी गेली.

एवढ्यावर हे थांबलं नाही. दूधवाला परतताना पुलावर पडलेली गाडी आणायला उतरला. त्याने एक किक मारली आणि गाडी चालू झाली. एकाच किकमध्ये! ती त्याने चालवत मास्तरांच्या दारात आणून लावली. रस्त्यात तो गॅरेजपाशी थांबला होता. मिस्त्रीने पेचकस कानाला लावून इंजिन ऐकलं आणि चार माणसांसमोर म्हणाला, “गाडीत काही दोष नाही. माणूस घाबरला की किक बसत नाही.”

हे त्याला कोणी विचारलेलंही नव्हतं.

ते वाक्य गावभर फिरलं. मास्तर घाबरले, म्हणून बहीण गेली. शाळेत पोरं त्यांच्या पाठीमागे हवेत लाथा झाडून किक मारल्याची नक्कल करायची. वर्षभरात मास्तरांनी नोकरी सोडली. तेव्हापासून ते या रस्त्याने येत नसत, मागच्या बोळातून जायचे.

आणि त्या दुपारच्या चारच दिवस आधी म्हातारीला शेवटचा हात लागला होता तो मिस्त्रीचा. काम किरकोळ होतं. खड्ड्यात गाडी उसळली की टाकीच्या झाकणातून पेट्रोल उडायचं आणि मास्तरांच्या पांढऱ्या पँटवर डाग पडायचे. पँट मी शिवलेल्या. मीच मिस्त्रीला टोमणा मारला होता, “मी जीव ओतून शिवायचं आणि तुझ्या गाड्यांनी त्यावर थुंकायचं का?” त्याने त्याच दिवशी ट्यूबच्या तुकड्यातून झाकणाला आतून रबर बसवलं. कात्री माझीच पळवली, ती कडेला नागमोडी कापणारी. रबर कापून धार घालवली म्हणून मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो.

त्या संध्याकाळी मी रस्ता ओलांडून गेलो. तो अजून स्टुलावरच.

“हात लाव की तिला. चावते का?”

“हिच्यात काही सापडलं तर रे, टेलर?”

“नऊ वर्षं पडलेल्या गाडीत सापडणारच. उंदराचं बिऱ्हाड सापडेल.”

“तसं नाही. माझं काही सापडलं तर?”

तो माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा मला कळलं की हा माणूस नऊ वर्षं हेच मनात घेऊन बसलाय. त्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच तो भ्यायला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने काम काढलं. त्याची पद्धत ठरलेली. गाडी चालू होत नसेल तर तीनच गोष्टी विचारायच्या: ठिणगी आहे का, पेट्रोल पोचतंय का, हवा मिळतेय का. त्याने प्लग काढला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. ठिणगी पाडणारे आतले पॉइंट हिरवे पडले होते. बारीक पॉलिश कागदाने तो ते परत परत घासत राहिला. एरवी हे काम तो दोन मिनिटांत उरकायचा. संध्याकाळी प्लगच्या टोकावर निळी ठिणगी उडाली. मी टाळी वाजवली तर तो दचकला.

“हे नऊ वर्षं पडून झालंय,” तो स्वतःशीच म्हणाला. “तेव्हाचं नाही.”

तिसऱ्या दिवशी टाकी आणि कार्बोरेटर. जुनं पेट्रोल आटून आत डिंकासारखं चिकटलं होतं. तारेच्या एकेका केसाने त्याने भोकं मोकळी केली. टाकीत मूठभर खिळे घालून खुळखुळवली, गंज काढला. झाकण तेवढं फळीवर पडून होतं. त्याने ते वरून फडक्याने पुसलं आणि परत ठेवून दिलं. टाकी वाळत होती म्हणून त्याने नेहमीची युक्ती केली. सलाईनची रिकामी बाटली पेट्रोल भरून छताच्या हुकाला उलटी टांगली आणि नळी कार्बोरेटरला जोडली. मग तार तापवून बाटलीच्या बुडाला, म्हणजे आता वर आलेल्या बाजूला, एक बारीक भोक पाडलं.

“ते कशाला?” मी विचारलं.

“वरून हवा शिरली नाही तर खालून पेट्रोल उतरत नाही. बाटलीलाही श्वास लागतो, बाबा.”

हे त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं. झाकण फळीवर, आमच्यापासून हातभर अंतरावर होतं.

अकराव्या किकला म्हातारी खोकली, धुराचा काळा ढग सोडला आणि धडधडू लागली. मिस्त्रीने पेचकस कानाला लावला. बराच वेळ तो तसाच उभा. मग म्हणाला, “दोष नाही.” पण या वेळी त्याने ते मला एकट्यालाच सांगितलं, तेही हळू.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने टाकी बसवली, पंपावर नेऊन काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट लावलं. पंपवाला म्हणाला, “म्हातारीला नटवलंस की!” मिस्त्री हसला नाही. माझ्या दुकानासमोर गाडी थांबवून म्हणाला, “बस मागे.”

“मी? माझ्याकडे तीन शर्ट कापून पडलेत.”

“पुलावरून जाऊन यायचंय. एकट्याने जमणार नाही मला.”

मी बसलो. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की या जागेवर शेवटचं कोण बसलं होतं. मी मिस्त्रीच्या शर्टाला धरलं. त्याची पाठ ओली होती.

गाडी झकास चालली. गावाबाहेरचं वळण गेलं, विटांच्या भट्ट्या गेल्या, पूल लागला. पूल अरुंद, कठडे गुडघ्याएवढे, खाली नदीचं पाणी संथ आणि हिरवं. माझ्या मनात आलं, चला, निम्मा पूल झाला. आणि त्याच क्षणी म्हातारीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग ती विझली.

टायर काही पावलं घरंगळले आणि थांबले. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

मिस्त्रीने किक मारली. काही नाही. परत मारली. दहा वेळा मारली. मागून ट्रकचा हॉर्न वाजला, ट्रक अंगाला घासून गेला, पूल थरथरला. मी उतरून कठड्याला चिकटलो. मिस्त्रीला ट्रक दिसलाच नसावा. तो नुसता किक मारत होता, तोंडाने “चल, चल गं, चल” म्हणत होता. त्याचे डोळे मी कधी असे पाहिले नव्हते. त्याच्या नडगीवर किकचा दांडा आदळला आणि रक्त आलं.

“झाकण उघडून बघ!” मी ओरडलो.

“आत्ताच तर भरलीय! तुझ्यासमोर!”

“मग जगाला कशाला शिकवतोस, आधी झाकण उघडा म्हणून? उघड!”

तो चिडला. मला खोटं पाडायचं म्हणून त्याने झाकण हिसका देऊन फिरवलं.

टाकीने श्वास घेतला. स्स्स्स, असा लांब, आत ओढलेला. बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा.

आम्ही दोघंही हललो नाही. खाली कार्बोरेटरमध्ये पेट्रोल टिपटिपत उतरताना ऐकू येत होतं. मिस्त्रीने सावकाश पाय उचलला आणि एक किक मारली. एकच. म्हातारी धडधडू लागली.

त्याने ती लगेच बंद केली. झाकण उलटं करून तळहातावर धरलं. आत काळ्या रबराची चकती घट्ट चिकटून बसली होती, झाकणाचाच भाग वाटावी अशी. त्याने नखाने ती सोलून काढली. तिची कडा नागमोडी होती. माझ्या कात्रीची. चकती मधे अखंड होती. झाकणाला वरून सुईएवढं एक भोक होतं, टाकीला हवा मिळावी म्हणून बनवणाऱ्याने ठेवलेलं. पेट्रोल उडायचं ते झाकणाच्या सैल कडेतून. मिस्त्रीने पँटवरचे डाग थांबवताना ते भोकही आतून बुजवून टाकलं होतं. मधे मोकळं असलेलं वळं कापायचं सोडून अख्खी चकती कापली होती.

तो कठड्यावर बसला. 

“चार दिवस मग चालली कशी?” मी विचारलं.

“शाळा पाच मिनिटांवर. आणि मास्तर रोज निघताना झाकण उघडून पेट्रोल बघायचे. मीच सांगितलं होतं तसं. रोज हवा शिरायची.” त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “त्या दिवशी टाकी भरलेली होती. त्यांना ठाऊक होतं, म्हणून उघडली नाही. भरलेल्या टाकीत आत जागाच नसते, लगेच गळा आवळतो. आणि मग दूधवाला आला. त्याने आधी झाकण उघडलं असणार. माझंच ऐकून.”

परत येताना त्याने चकती खिशात ठेवली. गाडी सुरळीत चालली. गॅरेजमध्ये आल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं.

“नवं वळं कापून बसव,” मी म्हणालो. “पोरगी रोज पूल ओलांडेल, काही होणार नाही. विषय संपला. मी कुठे बोलणार नाही.”

“कात्री तुझी आहे म्हणून?”

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

“तुला समजतंय का लोक काय म्हणतील?” मी म्हणालो. “मिस्त्रीने बाई मारली म्हणतील. उद्यापासून कोणी सायकल तरी आणेल का तुझ्याकडे?”

“समजतंय. तेच समजतंय सकाळपासून.” त्याने हात पुढे केले.  “मला दुसरं काही येत नाही रे, टेलर. हे गेलं तर मी कोण?”

मी शटर परत वर करून माझ्या दुकानात गेलो. चार वाजता भाची आली. आणि तिच्यामागून, नऊ वर्षांनी, आमच्या रस्त्याने मास्तर आले. केस पांढरे झालेले, चालताना नजर पायाखाली. पँट मात्र पांढरीशुभ्र, इस्त्रीची. ते गॅरेजच्या पायरीवर थांबले, आत आले नाहीत.

“झाली का?” भाचीने विचारलं.

“झाली,” मिस्त्री म्हणाला.  मी माझ्या दारात उभा होतो. मनात म्हटलं, आता एवढ्यावर थांब. चावी दे आणि थांब.

त्याने चावी दिली. मग खिशात हात घातला आणि चकती काढून मास्तरांसमोर धरली. ती त्याच्या बोटांतून निसटून पायरीवर पडली. मास्तरांनीच ती वाकून उचलली.

“हे मी बसवलं होतं, मास्तर. तुमच्या झाकणात. याला मधे भोक ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. त्यामुळे टाकीत हवा जाईना, पेट्रोल उतरेना. आज सकाळी पुलावर तिथेच बंद पडली, माझ्या हातात. मी पन्नास किका मारल्या असत्या तरी लागली नसती. कोणी मारल्या असत्या तरी.”

मास्तर चकतीकडे बघत राहिले. गणिताच्या मास्तरांसारखे, एकेक पायरी तपासत.

“म्हणजे मी घाबरलो म्हणून नाही?”

“घाबरला असाल. मीही घाबरलो आज. पण गाडी त्याने बंद पडली नव्हती.”

“मी झाकण उघडलं असतं तर?”

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी माझ्या दारात श्वास धरला होता. मिस्त्रीलाही पळवाट दिसली असणार. त्याचंच वाक्य होतं ते. सगळ्या रस्त्याला पाठ असलेलं.

“चालू झाली असती,” तो म्हणाला. “पण भरलेल्या टाकीचं झाकण मीसुद्धा उघडलं नाही, मास्तर. टेलरने शिव्या घातल्या तेव्हा उघडलं. विचारा त्याला.”

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हणालो, “खरं आहे. आणि कात्री माझी होती. तुमच्या पँटवर डाग पडतात म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो.”

 भाचीने मामाच्या हातातून चकती घेतली. तिने ती बोटांनी दाबून पाहिली, वाकवून पाहिली. तिच्या आईच्या मरणाचं एवढंसं रबर. मिस्त्री तिच्याकडे बघू शकत नव्हता. मला वाटलं ती थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर कोणी अडवलं नसतं.

“तेव्हा तुम्ही म्हणालात, गाडीत दोष नाही,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर म्हणालात. मी बारा वर्षांची होते. शाळेत मला मुलींनी सांगितलं, तुझा मामा भित्रा.”

“हो.”

“मग आता?”

मिस्त्रीने फडक्याने हात पुसले. एकेक बोट पुसलं. मग हात पुढे केला. तिला समजलं त्याला काय हवंय. तिने चकती परत दिली.

“दूधवाल्याकडे जातो,” तो म्हणाला. “आधी पंपावर. मग दूधवाल्याकडे, मग शाळेत. मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना.”

“गाडी घेऊन जा,” मास्तर एकदम म्हणाले. “लांब आहे ते.”

“नको, मास्तर. चालतच जातो.”

तो निघाला. शटर उघडंच होतं, हत्यारं जमिनीवर तशीच पसरलेली. किकच्या दांड्याने सोललेला पाय तो जरा ओढत होता. मूठ घट्ट मिटलेली. पंपाशी तो थांबला. पंपवाला एका गाडीत पेट्रोल भरत होता. मिस्त्री त्याला काहीतरी बोलला आणि मूठ उघडून दाखवली. आम्हाला इथून शब्द ऐकू आले नाहीत. पंपवाल्याने नळी टाकीतून बाहेर काढली, तशीच हातात धरली आणि मान वळवून आमच्याकडे, मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी मान खाली घातली नाही.

मग मिस्त्री पुढे चालू लागला, दूधवाल्याच्या गोठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने. भाची म्हातारीच्या हँडलवर हात ठेवून उभी होती. मास्तर पायरीवर बसले होते, आणि मी त्यांच्या बाजूला. वळणाआड तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.